घरचा नंबर

६ जानेवारी २०२५, सातारा

आज मानसिंगरावांशी पहिली झकाझकी झाली. अजून पुष्कळ होणार, म्हणून लिहून ठेवायला सुरुवात करतोय. उद्या कोणी म्हणालं की प्रबुद्धने उद्धटपणा केला, तर खरं काय झालं ते निदान माझ्यापाशी तरी असू दे.

मी क्षयरोग कार्यालयात संगणकाचं काम बघतो, एका संस्थेच्या कंत्राटावर. मानसिंगराव पेशंटच्या घरी जाऊन औषध चालू आहे का ते बघतात. निदान बघायला हवं. त्यांच्या जुन्या नोंदी उघडल्या तर जिथे तिथे 'गाव सोडून गेला', 'गाव सोडून गेली'. विचारलं, गेला म्हणजे कुठे गेला? म्हणाले, "आता त्ये मला सांगून जातंय व्हय?" साताऱ्यातला माणूस सांगलीत कामाला गेला की आमच्या लेखी तो हवेत विरतो. सांगलीवाले त्याला नवा म्हणून लिहितात, नाहीतर लिहीतच नाहीत. औषध अर्धवट टाकलेला माणूस कुठेतरी खोकत हिंडतो आणि दोन्हीकडचे कागद मात्र स्वच्छ.

माझं काम नेमकं हेच आहे. आधार आणि रेशनकार्ड यांच्या आधाराने दोन जिल्ह्यांच्या याद्या जोडायच्या, म्हणजे माणूस कुठेही गेला तरी सापडेल. मानसिंगराव सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, मशीनला खोकला ऐकू येत न्हाई." मी म्हटलं, तुम्हाला येतो ना, मग एवढे लोक निसटले कसे? त्यावर तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर गेले, ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत.

घरी आल्यावर एक चांगली बातमी. अक्षताचं नाव अखेर आमच्या रेशनकार्डावर चढलं आणि आधारवरचा मिरजेचा पत्ता जाऊन साताऱ्याचा आला. लग्न नोव्हेंबरात झालं. लोकांचं हे काम वर्ष-वर्ष होत नाही. मी स्वतः रांगेत उभा राहिलो होतो. "आता तू कागदोपत्रीही आमची," म्हटलं. ती हसली, पण म्हणाली, "एवढी काय घाई होती?" कागदाचं महत्त्व हिला पटायचं आहे अजून.

१९ जानेवारी

अक्षता मिरजेला गेलीय. दर महिन्याला जाते, दोन दिवस राहते, परत येते. तिच्या आईचे गुडघे म्हणे. माझी आई म्हणाली, "गुडघं काय म्हयन्याला तारीख दिऊन दुखत्यात का?" आईचं बोलणं झोंबतं, पण चूक काढायला जागा नसते.

अक्षताची आणखी एक खोड. रोज सकाळी चहाच्याही आधी मोरीकडे जाऊन आपल्या आईला एक मिस्ड कॉल द्यायचा. मी बरी आहे, असा म्हणे त्याचा अर्थ. फोनवर बोलणं फुकट झाल्यावर मिस्ड कॉल कोण देतं? सरळ बोल की, म्हटलं. म्हणाली, "सवय आहे." या घरात सवयींवर काही बोलायची सोय राहिलेली नाही.

२ फेब्रुवारी

मागच्या गल्लीतल्या एका घरातून सून माहेरी पाठवली. टीबी निघाला. लग्नाआधीपासून होता आणि माहेरच्यांनी लपवला, अशी बोलवा आहे. आईने जेवताना विषय काढला. "गळ्यात मारली की पोरगी. आता ताटवाटी वायली करून काय उपेग? पोराच्या छातीत कवाच शिरलं आसंल."

मी आईला समजावलं. औषध नीट सुरू झालं की थोड्या दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती फार कमी होते, ताटवाटी वेगळी करायचं कारण नाही. रोग झाला यात कोणाचा दोष नाही. पण लपवणं? तिथे मी कोणालाच माफ करत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. लपवणारा माणूस अख्ख्या घराला फसवतो. अशा माणसाबरोबर मी तर एक दिवसही काढणार नाही. आई म्हणाली, "बरुबर हाय." अक्षताने अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि उठली. अन्न टाकलेलं मला खपत नाही, तेही सांगितलं.

१६ फेब्रुवारी

पुन्हा मिरज. मी म्हटलं, या महिन्यात राहू दे, आईला हाताखाली माणूस हवं. ती एकदम रडायलाच लागली. मला रडणं बघवत नाही, माझा धुतलेला पांढरा रुमाल तिला दिला. शेवटी गेलीच. रुमाल परत आला तो नारिंगी डाग पडून. डोळे पुसताना हळदीचे हात धुवायला हवेत एवढं साधं समजू नये? साबणानेही डाग जात नाही.

२७ फेब्रुवारी

कोंडीबा सापडला. आज मी जिंकलो, दुसरा शब्द नाही.

कोंडीबा खटावकडचा गवंडी. मानसिंगरावांच्या कागदावर 'गाव सोडून गेला'. माझ्या याद्या अजून पूर्ण जोडल्या नाहीत, तरी चाचणीतच तो वर आला. मिरजेजवळच्या एका वीटभट्टीवर होता. तिथे कधीतरी नवा पेशंट म्हणून लिहिला गेला आणि पुन्हा औषध सोडून बसला. मानसिंगरावांना गाडीत घालून घेऊन गेलो. बघावं तर नुसता सापळा. आणखी महिनाभर राहिला असता तर काय झालं असतं ते सांगायला डॉक्टर लागत नाही. त्याचं औषध पुन्हा सुरू झालं.

कोंडीबा मात्र आभार मानायचे सोडून माझ्यावरच उखडला. "तुमाला कुणी सांगितलं मी हितं हाय त्ये? मुकादमाम्होरं बोलायची गरज काय हुती? आता काम गेलं न्हवं माजं." मी म्हटलं, जीव वाचला ते बघा. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

येताना मानसिंगराव दिलजमाईच्या सुरात म्हणाले, "गोळी खरंच घेतंय का माणूस, त्ये वळखायला मशीन लागत न्हाई. ह्या गोळीनं लगवी तांबूस व्हती. घाम, डोळ्यातलं पानीबी नारिंगी येतंय." मी म्हटलं, म्हणजे आता पेशंटला रडवून बघायचं का? ते हसले. पहिल्यांदाच.

११ मार्च

आजची बैठक तापली. गोळीच्या प्रत्येक पाकिटावर गोळीखाली एक नंबर दडवलेला असतो. गोळी काढली की तो दिसतो, त्यावर पेशंटने मिस्ड कॉल द्यायचा, की त्या दिवसाची गोळी घेतली अशी नोंद. खोटं बोलायची सोय नाही. प्रश्न एवढाच की मिस्ड कॉल बंद झाला तर आठवणीचा फोन लावायचा कोणाला?

मी म्हटलं, घरच्या नंबरला. रेशनकार्डावर असतो त्या. बायकांचे नंबर भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर, रिचार्ज संपलं की बंद. रेशनचा नंबर कोणी बंद पडू देत नाही, धान्य आल्याचा मेसेज त्यावर येतो. आमच्याच घरात बघा, म्हटलं. कार्ड आईच्या नावावर, आणि आईला कमी ऐकू येत असलं तरी फोन कायम चार्ज केलेला, एकूण एक फोन स्पीकरवर.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, पेशंटची संमती? फॉर्मवर सही आहे, म्हटलं. मानसिंगराव म्हणाले, "घरच्या नंबरावर नगा लावू. भांडणं लागतील, आन् ती मिटवायला मलाच जावं लागंल." बघा, पेशंटचं नाही, यांना स्वतःच्या फेऱ्यांचं पडलंय. मी म्हटलं, भांडण परवडलं, मेलेला माणूस परवडत नाही. ठराव माझ्या मनासारखा झाला.

पेशंटचं नाव कोणालाच दिसणार नाही, अगदी मलाही नाही, अशी व्यवस्था मी केलीय. फक्त आकडा आणि ठिपका, हिरवा किंवा लाल. माझ्यावर गुप्तता मोडल्याचा आळ कोणाला घेता येणार नाही.

२० मार्च

फोनवर ऐकू येईल तो आवाज बाहेरून आणायचा तर संस्था महिनाभर कागद फिरवत बसली असती. घरातच एवढा स्वच्छ आवाज असताना कशाला? अक्षताला बसवलं. शाळेत असताना विहारातल्या कार्यक्रमांचं निवेदन हीच करायची.

पहिला संदेश: "नमस्कार. तुमच्या घरातील रुग्णाने क्षयरोगाची गोळी घेतलेली नाही. कृपया उपचार अर्धवट सोडू नका." वाचताना 'तुमच्या घरातील'पाशी सारखी अडखळत होती. शेवटी म्हणाली, "रोगाचं नाव नको ना घालायला. नुसतं औषध म्हणू या." मी म्हटलं, नाव घेतल्याशिवाय लोकांची भीती जाणार कशी? "घरच्या नंबरवर जाणार हे?" हो. "आणि सांगलीकडच्या पेशंटना?" आता दोन्ही जिल्हे एकच, म्हटलं, पत्ता जिथला असेल तिथे फोन जाणार. "बाईच्याच नंबरवर लावा हो आधी," म्हणाली. हिलाही मानसिंगरावांची लागण झाली काय, असं मी चेष्टेने म्हटलं.

दुसरा संदेश घरच्या इतर माणसांच्या तपासणीचा: "नमस्कार. तुमच्या घरातील एका व्यक्तीवर क्षयरोगाचे उपचार सुरू आहेत. तुमची तपासणी अजून झालेली नाही. कृपया तपासून घ्या." हा मात्र एका दमात वाचला, आणि शेवटी स्वतःच्या मनाने जोडलं, "काळजी घ्या." कागदावर नव्हतं ते. पुन्हा करायला वेळ नव्हता, तसंच ठेवलं.

२ एप्रिल

यंत्रणा सुरू झाली. साताऱ्यातून दिसेनासे झालेले कितीतरी लोक सांगलीत निघाले. मानसिंगराव संगणकाच्या पडद्यासमोर उभे राहून बघत होते. मी मुद्दाम खुर्ची पुढे केली नाही.

४ एप्रिल

अक्षता मिरजेला जायचं म्हणाली. मी नाही म्हटलं. जयंती तोंडावर आलीय, औंधकडचे पाहुणे आमच्याकडे उतरणार, आई एकटी काय काय करणार? ती म्हणाली, "एकदाच जाऊन येते. सकाळी जाते, संध्याकाळी परत. त्यानंतर म्हणाल तर जाणार नाही." मी म्हटलं, जयंतीनंतर जा. "जयंतीनंतर उशीर होईल." कशाला उशीर होईल, गुडघ्यांना? आई आतून म्हणाली, "लगीन करून दिलंय का भाड्यानं दिलीया पोरगी?" त्यानंतर अक्षता गप्पच आहे. गप्प बसून माणसाला छळायची कला माहेरूनच आणलीय.

१० एप्रिल

माझे सासरे अर्जुना आले होते. ते कधीच न कळवता यायचे नाहीत. रेल्वेत जन्म गेल्याने वेळेचे पक्के. दारातच उभे राहिले, हातात कापडी पिशवी. "जावईबापू, पोरीला दोन दिस न्हेतो. न्हाईतर नुसती भेटून जातो."

अक्षता आईबरोबर विहारात सजावटीला गेली होती. मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून हा काय प्रकार चालवलाय? मुलीला संसार करू द्यायचा आहे की नाही? ते म्हणाले, "तसं न्हाई वो. तिच्या हातात येक वस्तू द्यायची हुती." द्या माझ्याकडे, म्हटलं. त्यांनी पिशवी मागे धरली. अगदी चोरासारखी. मग माझाही तोल गेला. आमच्या घरात कशाची कमी आहे म्हणून पिशव्या येतात, असं विचारलं. ते चहासुद्धा न घेता, पिशवीतलं काही न देता निघून गेले. अक्षताला संध्याकाळी सांगितलं. तिने फक्त विचारलं, "पिशवी नेली परत?"

१३ एप्रिल

सुट्टीतही मी पडदा उघडून बसतो, आई चिडते. आज एका ठिपक्याचा राग आला. मिरजेत नोंदलेली बाई, पत्ता आता सातारा शहरातला. सुरुवातीपासून एक दिवस चुकवलेला नाही, मी तर बैठकीत हिचं उदाहरण देणार होतो. आणि आता दोन-तीन दिवस काहीच नाही. लाल. हीच ती माणसं. बरं वाटायला लागलं की आळस चढतो. आपल्याबरोबर चार जणांना घेऊन बुडणार. उद्या जयंतीची सुट्टी आहे, पण मशीनला सुट्टी नसते. लागेल फोन घरी, मग समजेल.

अक्षताने आज सकाळीही आईला मिस्ड कॉल दिला नाही. रुसवा अजून चालू आहे.

१५ एप्रिल

काल लिहिता आलं नाही.

विहारातून वंदना करून सगळे घरी आले होते. पांढऱ्या कपड्यांनी अंगण भरून गेलं होतं. अक्षता खीर वाढत होती. आईचा फोन वाजला. धान्य आलं असेल म्हणून तिने घेतला, नेहमीसारखा स्पीकरवर. "नमस्कार. तुमच्या घरातील रुग्णाने क्षयरोगाची गोळी घेतलेली नाही."

आई म्हणाली, "आमच्या घरात कोन टीबीचं? राँग नंबर हाय." माझी मावसबहीण हसायला लागली, "आवं, ह्यो तर वहिनींचाच आवाज." मग सगळेच हसले. मीही हसलो. चाचणीचा फोन चुकून आपल्याच घरी लागला असेल म्हणून मी खिशातून मोबाईल काढून तपासायला लागलो. तोवर आईने फोन कानापासून लांब धरला होता आणि संदेश पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला होता.

अक्षता वगराळं हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "राँग नंबर नाही. मीच आहे."

मी काय बोललो ते लिहायलाच हवं, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हणालो, "फसवलंस." सगळ्यांसमोर. आईने तिच्या हातातलं वगराळं काढून घेतलं. पाहुण्यांतल्या एकीने समोरची वाटी हळूच बाजूला सरकवली.

आत गेल्यावर ती रडली नाही. लग्नानंतर खोकला थांबेना म्हणून मिरजेला दाखवलं, तिथेच निघाला, तिथेच औषध सुरू झालं. म्हणाली, "पहिल्या महिन्यात सांगणार होते. धीर होत नव्हता. मग त्या दिवशी जेवताना तुम्ही बोललात." मी म्हटलं, तरी सांगायला हवं होतं, मी या खात्यात काम करतो. "म्हणून तर," ती म्हणाली. "गोळ्या संपल्यात. बाबा घेऊन आले होते." दुपारच्या गाडीने ती एकटी गेली. मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते, त्यामुळे स्टेशनपर्यंत सोडायला जाता आलं नाही. चालत जाता आलं असतं.

१६ एप्रिल

गोळ्यांच्या फोनसाठी घरच्या नंबरची सोय मी बंद केली. आता फोन पेशंटच्याच नंबरला जाईल. मानसिंगरावांनी कारण विचारलं. तांत्रिक अडचण, म्हटलं. घरचं इथे कोणाला सांगितलेलं नाही. कशाला सांगायचं? लोक लगेच वेगळ्या नजरेने बघतात.

१८ एप्रिल

ठिपका हिरवा झाला. तिने गोळी घेतली. माझा फोन मात्र घेत नाही.

२० एप्रिल, मिरजेहून परतल्यावर

अर्जुना दारातच भेटले. मी त्यांना दारात उभं केलं होतं तसंच त्यांनी मला उभं केलं. मी म्हटलं, मला सांगितलं असतं तर मी काय खाऊन टाकणार होतो? ते म्हणाले, "त्या दिशी पिशवीत गोळ्या हुत्या, जावईबापू. तुमी चोर म्हनून बगितलं माज्याकडं." मी म्हटलं, तिला बाहेर बोलवा, चूक तिची असली तरी मी न्यायला आलोय.

आत भांडी वाजायची थांबली. अर्जुना म्हणाले, "ती हाय घरात. पन यायची न्हाई. तुमीच म्हनलावता न्हवं, आसल्या मानसासंगं येक दिवस काडणार न्हाई? पोरीनं तुमचा शब्द पाळला."

'चूक तिची असली तरी' हे शब्द मी का वापरले, याचा परतीच्या गाडीत विचार करत होतो. चूक तर तिचीच आहे. पण ते वाक्य माझ्या तोंडून यायला नको होतं. फलाटावर उतरल्यावरही ते डोक्यातून जाईना.

२९ एप्रिल

नियमाप्रमाणे आमचं घर यादीत आलं. पेशंटबरोबर राहिलेली माणसं दोन, तपासणी बाकी. आई शेजारणीला घेऊन स्वतःच जाऊन आली. "फोटू काडला छातीचा. काय न्हाई निगालं." मग भांडी घासता घासता माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एवढी पाच म्हयने हुती. माजं समदं केलं तिनं." आणि नंतर पुन्हा, "पर लपवायला नगं हुतं." मायलेक एका वळणाचे.

मला फोन येतो. रोज. "तुमची तपासणी अजून झालेली नाही. कृपया तपासून घ्या." आणि शेवटी, कागदावर नव्हतं ते.

९ मे

मानसिंगराव टेबलापाशी आले. आवाज खाली ठेवून म्हणाले, "टाळाटाळ करनाऱ्यांच्या यादीत येक घर साताऱ्यातलं हाय. माझ्याकडं भेटीला आलंय. पत्ता वळखीचा निगाला." मी पडद्याकडेच बघत राहिलो. एक्स-रे इमारतीच्या खालच्याच मजल्यावर निघतो, जायला चहा प्यायचाही वेळ लागत नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. काम होतं, म्हटलं. ते म्हणाले, "खोकला हाय का?" नाही. "मग भ्याला का?" जाताना म्हणाले, "गाव सोडून गेला म्हनून लिवू का?"

कोणी दुसऱ्याने असं म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

खरं कारण कोणाला सांगण्यासारखं नाही, इथे लिहितो. तपासणीची नोंद झाली की फोन बंद होतो. मीच तसं करून ठेवलंय. ती माझा फोन घेत नाही, निरोपाला उत्तर देत नाही. दिवसातून एकदा तिचा आवाज येतो तो एवढाच. मी कामं टाकून कोपऱ्यात जाऊन ऐकतो आणि 'काळजी घ्या' झाल्यावरच ठेवतो.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी वंदनेला निघत होतो. आतल्या खोलीत आईचा फोन वाजला. फार दिवस टाळलं की तपासणीचा फोनही घरच्या नंबरला जातो. ती सोय वेगळी होती, ती बंद करायची माझ्याकडून राहिली. आईने घेतला. स्पीकरवर.

"नमस्कार. तुमच्या घरातील एका व्यक्तीवर..."

आई फोन तसाच हातात धरून बाहेर आली. पांढरं लुगडं नेसली होती. मला वाटलं आता हिच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार. ती संदेश संपेपर्यंत नुसती उभी राहिली. "काळजी घ्या" आल्यावर म्हणाली, "मशीन हाय, म्हाईत हाय मला. पर बोलतीया तीच न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग किती दिस बोलायला लावतूस रं तिला? जा की."

फोन पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला होता. आईने तो बंद केला नाही, मीही बंद कर म्हटलं नाही. आज सुट्टी आहे, एक्स-रे बंद असतो. उद्या सकाळी उघडतो.